पाचव्या चाकाचा रस्ता

मी एक जुना टायर आहे, पण माझ्या अंगावरची नक्षी अजून नवी आहे. मित्रांनो, हे ऐकून तुम्हाला माझा हेवा वाटेल. जरा थांबा.

आधीच सांगून ठेवतो, माझी गोष्ट मध्ये मध्ये तुटेल. मी आयुष्य एका गाडीच्या डिकीत काढलं. झाकण उघडलं की मला जग दिसायचं. बंद झालं की बाहेर जे चाललं असेल ते बाहेरच राहायचं. त्यामुळे मला पुष्कळ गोष्टींची सुरुवात ठाऊक आहे, शेवट मात्र थोड्यांचाच.

झाकण उघडलं.

आम्ही पाच भाऊ एकाच साच्यातून निघालो आणि तारांच्या पाच चाकांवर चढलो. सायकलच्या चाकाला असतात तशा तारा, फक्त जाड आणि दाट. मधोमध पंखांचा मोठा नट, तो लाकडी हातोड्याने ठोकून बसवायचा. गाडी दोनच माणसांची होती. बुटकी, बिनछपराची, लांब नाकाची. चौघे भाऊ खाली गेले आणि मला डिकीत आडवं ठेवलं. मला वाटलं, पहिली फेरी त्यांची, दुसरी माझी.

मालक तेव्हा तरुण होते. सुट्टीच्या दिवशी ते डिकी उघडायचे, मला अंगठ्याने दाबून बघायचे, फडक्याने पुसायचे आणि शेजाऱ्यांना म्हणायचे, "ही स्टेपनी बघा. मातीचा कण लागू दिलेला नाही हिला!" मी आणखी फुगायचो. भावांना चिखल लागायचा, त्यांना खिळे टोचायचे, त्यांचं कौतुक कोणी करत नसे. मी ठेवणीतला होतो. बराच काळ मला हा माझा मोठेपणा वाटत होता.

झाकण बंद.

अंधारात मला रस्ता ऐकू यायचा. डांबरावर भाऊ गुणगुणत. खडीवर कुरकुरत. वळणावर चौघे एकदम किंचाळत आणि मग मालकीणबाई खळखळून हसत. खूप दिवस मी समजत होतो की वळणं हसतात.

झाकण उघडलं.

भर उन्हात गाडी रस्त्याच्या कडेला उभी होती. डाव्या बाजूच्या पुढच्या भावाला खिळा लागला होता. माझा दिवस आला! मालकांनी वाकून माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या शेजारचा जॅक आणि हातोडा तेवढा उचलला.

"अहो, स्टेपनी काढा ना," मालकीणबाई म्हणाल्या.

"पंक्चरच काढून आणतो. पुढे दुकान असेल."

"आणि मी काय इथे दगड मोजत बसू?"

"आलोच गं. नवीकोरी आहे ती. या खडीवर उगाच कशाला घासायची?"

"मग मलाही टाका त्या डिकीत. मीही नवीकोरीच आले होते तुमच्या घरी!"

मालक हसले आणि पंक्चर झालेलं चाक हाताने ढकलत निघून गेले. ऊन कललं तरी त्यांचा पत्ता नव्हता. मालकीणबाई डिकीच्या काठावर, माझ्या शेजारी बसून राहिल्या. एकदा त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "बस बाबा तूही," त्या म्हणाल्या.

मित्रांनो, माझ्याशी कोणी बोललं ते तेवढंच. मला काही तरी उत्तर द्यायचं होतं, पण

झाकण बंद.

यानंतरचा अंधार फार लांब आहे. भाऊ झिजून गेले. त्यांच्या जागी दुसरे आले, तेही झिजले. रस्ता रोज ऐकू यायचा तो क्वचित ऐकू येऊ लागला, मग थांबला. मालकीणबाईंचं हसू आधी थांबलं की रस्ता, हे मला सांगता येणार नाही. मी आत होतो.

रबराचं एक असतं. ते फिरलं, दबलं, वळलं की त्याच्या पोटातला स्निग्धपणा अंगभर पसरतो आणि कातडी मऊ राहते. मी हललोच नाही. हळूहळू मी आतून कडक होत गेलो. नक्षीच्या घड्यांमध्ये केसाएवढ्या चिरा पडल्या. वरून मात्र मी तसाच काळाभोर, नवाकोरा.

झाकण उघडलं.

समोर एक सुरकुतलेला अंगठा होता. तो मला दाबून बघत होता. अंगठा ओळखला, मग त्यामागचा म्हातारा ओळखला. शेजारी त्यांची लेक उभी होती. घर आणि गॅरेज रिकामं करून मालक घाटापलीकडे लेकीकडे राहायला निघाले होते. त्यांची अट एकच होती.

"मी सामानाच्या ट्रकमागून येणार नाही. आपल्या गाडीतून येणार. तू चालव, मी शेजारी बसतो."

"हो बाबा, पण आधी हिला पाय तर घालू या." खालचे चारही टायर बसून चपटे झाले होते.

झाकण बंद. गाडी दुसऱ्या गाडीवर चढवली गेली. झाकण उघडलं, ते टायरच्या दुकानात.

दुकानदाराने चकचकीत चाकांची रांग मांडली होती. रुंद, पाच जाड पाकळ्यांची. "ताई, ही घ्या. आजकाल सगळे हीच घालतात. गाडी एकदम चिकटून पळेल." लेकीला ती आवडली. एक लावून पाहिलं. स्टिअरिंग फिरवताच रुंद टायर मडगार्डला घासला.

"बुटकीला मोठ्या माणसाचे बूट घातलेत," मालक म्हणाले. "ठेच लागून पडेल ती."

मग त्यांनी खिशातून चमचा काढला आणि आपली जुनी चाकं तपासायला बसले. एकेका तारेवर चमचा मारायचा आणि कान द्यायचा. घट्ट तार टिण्ण वाजते, सैल तार बदकन बोलते. तीन चाकं सुरात वाजली. डाव्या बाजूच्या पुढच्या चाकात पाच-सहा तारा तुटलेल्या निघाल्या. मग माझ्या चाकाची पाळी आली. टिण्ण, टिण्ण, टिण्ण. एकही तार चुकली नाही.

"हे ऐका! तीन चाकांना नवे टायर चढवा. चौथी माझी स्टेपनी, आहे तशी."

बाकीच्यांच्या अंगावरचं माप पुसून गेलं होतं. दुकानदाराने ते माझ्या अंगावरून वाचलं आणि त्याच मापाचे अरुंद टायर आणले. तारांच्या चाकाला ट्यूब लागते, त्याही आणल्या. आणले मात्र चार.

"बाबा, चारही एकसारखे घालू या," लेक म्हणाली.

"अगं, नवी आहे ती! एकदाही रस्ता बघितलेला नाही तिने."

"घाटात तुम्ही माझ्या शेजारी बसणार आहात."

"म्हणून तर. याच दिवसासाठी राखली होती मी ती."

लेकीने दुकानदाराकडे पाहिलं. दुकानदाराने खांदे उडवले. "काकांची इच्छा. हवा भरून बघू."

मित्रांनो, मी आयुष्यभर या एका क्षणाची वाट पाहिली होती. मला डांबर हवं होतं, खडी हवी होती, ते वळण हवं होतं. आणि माझ्या चिरा फक्त मला माहीत होत्या. हवा आत येऊ लागली. मला एकाच वेळी वाटत होतं की धरून ठेवावं आणि धरू नये. उतारावर, त्या दोघांना घेऊन मी फुटलो असतो तर?

मी धरून ठेवू शकलो असतो की नाही, कोण जाणे. कुशीत कर्रकन आवाज झाला. चीर उघडली आणि तिच्यातून ट्यूबचा फुगा बाहेर डोकावला.

"मागे व्हा सगळे!" दुकानदार ओरडला आणि त्याने झटकन हवा सोडली.

मालक जवळ आले. त्यांनी माझ्या चिरेवरून बोट फिरवलं. खूप वेळ फिरवलं.

"एकदाही वापरलं नाही गं मी हिला."

"हो बाबा," लेक हळूच म्हणाली. "म्हणूनच."

आतापर्यंत मी ज्याला 'मी' म्हणत आलो त्यात माझं चाकही होतं. त्या दिवशी आम्हाला वेगळं केलं. चाकावर नवा टायर चढला आणि ते डाव्या बाजूला पुढे लागलं. नट हातोड्याने ठोकताना सगळ्या तारा गुणगुणल्या. मी जमिनीवर पडून ऐकत होतो.

"मोडक्या चाकाला नव्या तारा भरून घ्या," मालक दुकानदाराला म्हणाले. "आणखी एक टायर द्या त्याला. पाचवं तेच. आणि पाचही चाकांची पाळी लावायची. डिकीत कोणी बसून राहायचं नाही."

"आणि हा, काका? मागच्या जुन्या टायरांच्या ढिगात टाकू?"

"नको, नको. डिकीतच ठेवा, कोपऱ्यात."

"बाबा! परत डिकीत?"

मालक थांबले. मग वाकले आणि मला उभं केलं. मी जन्मात असा उभा राहिलो नव्हतो. त्यांनी तळहाताने मला हलकेच ढकललं. मी फिरलो. ते चालत राहिले, ढकलत राहिले. दुकानाच्या दारातून बाहेर, रस्त्याच्या कडेने, मागच्या ढिगापर्यंत. डांबर गरम होतं. कडेची खडी टोचत होती. एक छोटं वळण आलं. मी किंचाळलो नाही, तेवढा वेग कुठून असणार? पण कोणीतरी हसलं असतं, असं ते वळण होतं.

ढिगापाशी त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. मग गाडी निघाली आणि तिचा आवाज मी पहिल्यांदाच बाहेरून ऐकला. तो लहान होत होत गेला.

आता मी इथे आहे. शेजारी पार गुळगुळीत झालेले टायर आहेत. ते बोलत नाहीत, फार दमलेले आहेत. मित्रांनो, तुमच्या कपाटात ठेवणीतलं काही असेलच. रंगांची पेटी, नवे बूट. ते काढा. मळू द्या, झिजू द्या, मग धुऊन पुसून पुन्हा वापरा. नुसतं जपून ठेवलेलं अंधारात काय होतं, ते मी तुम्हाला सांगितलंच आहे.

आणि कधी इकडून गेलात तर मला ओळखाल. सगळ्या ढिगात नवी नक्षी माझीच आहे. तिच्या एका घडीत एक बारीक खडा अडकला आहे. तेवढा काढू नका.