चारदा पुजलेली कुदळ

“साहेब, एकाच जागी किती वेळा कुदळ मारायची असते?”

मित्रांनो, दीपश्रीनं हा प्रश्न विचारला तेव्हा मी आमदारसाहेबांच्या हातात, पार त्यांच्या डोक्यावर उचललेली होते. अंगाला चांदीचा रंग, गळ्यात झेंडूचा हार, टोकाला हळदकुंकू. होय, ती कुदळ मीच!

प्रश्नामागे पैज होती. “विचारून दाखव, चुरमुऱ्यांचं गिरमिट माझ्याकडून,” असं तिची मैत्रीण शुभांगी शाळेत म्हणाली होती.

“आणि मिरचीभजी?”

“तीपण. मागं फिरलीस तर मात्र दोन्ही तू द्यायचं, बघ.”

हीच दीपश्री पूर्वी वर्गात हजेरीसुद्धा पुटपुटत द्यायची. वक्तृत्व स्पर्धेत बक्षीस काय मिळालं, पोरीचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जायला लागला. साहेबांनी काय उत्तर दिलं ते सांगतेच, पण आधी माझी कर्मकहाणी ऐका. त्याशिवाय माझा राग तुम्हाला कळायचा नाही.

कलघटगीच्या एका लोहारानं मला घडवलं. लाल तापवलं, ठोकलं, पाण्यात बुडवलं. मी चर्रकन ओरडले तेव्हा तो म्हणाला, “ओरडून घे. पुढं जमीन ओरडणार आहे.” केवढी छाती फुगली माझी! तिथून मी हुबळीला आले, दीपश्रीच्या आप्पांच्या, म्हणजे गुरुप्रसादांच्या हार्डवेअरच्या दुकानात. माझ्याबरोबरच्या कुदळी तारिहाळला कारखान्यांचे पाये खणायला गेल्या. टोकं बोथट झाली की धार लावायला परत यायच्या आणि ऐट मारायच्या. “काल मुरूम लागला ग, मुरूम! ठिणग्या उडाल्या!”

माझ्या नशिबी ठिणग्या नव्हत्या, फोटो होते.

आप्पा पक्षाचे वॉर्ड अध्यक्ष. आमदारसाहेब त्याच पक्षाचे, आणि दीपश्रीच्या जन्माआधीपासून तेच आमदार. कामाचा नारळ फोडायच्या समारंभाला इकडे कन्नडमध्ये ‘गुद्दली पूजा’ म्हणतात. गुद्दली म्हणजे कुदळ. म्हणजे बघा, अख्खा समारंभ माझ्या नावाचा! पहिल्यांदा आप्पांनी मला रंगवून नेलं तेव्हा मी नवरीसारखी लाजले होते. शाळेच्या गल्लीतलं उघडं गटार बांधायचं होतं. साहेबांनी मला एकदा हळूच टेकवलं, टाळ्या झाल्या, खड्ड्यात कुंकू लावलेली वीट ठेवली. मला वाटलं, उद्यापासून आपण खणणार.

उद्या आलाच नाही. खड्ड्यावर माती लोटली आणि मी दुकानातल्या खिळ्याला टांगले गेले. पुढच्या निवडणुकीच्या तोंडावर पुन्हा तीच गल्ली, तोच खड्डा, नवा हार. त्याच्या पुढच्या वेळीही तेच. लोक माझ्या पाया पडत होते आणि माझ्या कानात दांडा सैल होत होता.

मित्रांनो, दांडा सैल झाला की कुदळवाला काय करतो? ठोकून नवा बसवतो. जुन्या दांड्याचा त्यात अपमान नसतो. पण आप्पांना हे कोण सांगणार? पक्षात कुणी म्हणालं की आता दुसरं माणूस बघू या, तर आप्पा म्हणायचे, “साहेब आहेत म्हणून आपण आहोत.” कारण साहेबांचे कंत्राटदार सिमेंट-सळई आप्पांच्याच दुकानातून न्यायचे.

गेल्या वर्षी त्याच गटारावर ओलांडायला टाकलेली फरशी हलली आणि दीपश्रीची आई, रुक्मिणी, आत पडली. मनगट मोडलं. अजून तिला भाकरी थापता येत नाही. दीपश्री थापते, नकाशासारख्या वेड्यावाकड्या.

तर आता चौथी पूजा, आणि तो प्रश्न. साहेबांनी मला खाली टेकवलं आणि मोठ्यांदा हसले.

“येन री, काय हो गुरुप्रसाद, ही तुमची मुलगी? दुकानात बसवू नका हं हिला, गिऱ्हाईक पळून जाईल!”

सगळे हसले. दीपश्री हसली नाही. “इथंच माझ्या आईचा हात मोडला, साहेब.”

“मग आईला सांग, पायाखाली बघून चालावं.”

आणि आप्पांनी काय केलं माहीत आहे? ते हात जोडून म्हणाले, “पोर आहे, माफ करा.” साहेबांच्या बुटावर गटाराचा चिखल उडाला होता. कुणी सांगितलं नव्हतं, तरी आप्पा खाली वाकले आणि स्वतःच्या रुमालानं त्यांनी तो बूट पुसला.

दीपश्रीनं ते पाहिलं. मीही पाहिलं. माझं लोखंड पुन्हा भट्टीत घातल्यासारखं तापलं. त्या क्षणी आम्हा दोघींचा सूड एक झाला.

साहेबांची गाडी वळली, मांडव उतरला. दुपारी दीपश्रीनं मला दुकानातून उचललं आणि त्याच खड्ड्यापाशी नेलं.

“गिरमिट खायला चल की,” शुभांगी म्हणाली.

“नंतर. आधी फावडं घेऊन ये.”

आणि मित्रांनो, तिनं मला मारलं! खऱ्याखुऱ्या जमिनीत, दाणदाण! चांदीचा रंग पहिल्याच घावाला उडाला. उडू दे मेला! दांडा डुगडुगत होता, पोरीचे हात सोलले जात होते, तरी मी म्हणत होते, आणखी, आणखी! सकाळची वीट निघाली. तिच्याखाली दुसरी. तिच्याखाली तिसरी, कुंकू काळं पडलेली. सगळ्यात खाली चौथी. एकाच खड्ड्यात एकावर एक रचलेल्या चार निवडणुका!

आप्पा धावत आले. “अगं, वेड लागलंय का? पूजेच्या विटा आहेत त्या!”

“पूजेच्याच आहेत. कामाची एकही नाही.”

विटा घरी आल्या. आईनं चांगल्या हातानं सगळ्यात खालची पुसली.

“ही मी ठेवली होती,” ती म्हणाली. “सुवासिनीनं ठेवायची म्हणून मला बोलावलं होतं. तू पोटात होतीस, दीपा. मी म्हटलं होतं, बाळ शाळेत जाईल तोवर गटार झाकलेलं असेल.”

रविवारी मंगल कार्यालयात पक्षाची सभा होती. या वेळी उमेदवार कोण हवा, हे कार्यकर्त्यांना विचारायला बेंगळूरहून निरीक्षक येणार होते. आप्पांनी उभं राहून साहेबांचंच नाव घ्यायचं, असं ठरलेलं होतं.

तुम्हाला माझं एवढंच सांगणं आहे, मित्रांनो. तुमच्या घरात कुदळ असेल, खुरपं असेल, विळी असेल, तर त्यांना रंगवून टांगू नका. आम्हाला हार नको, माती हवी. आणि आमच्या नावानं कुणी तुम्हाला फसवलं तर त्याला सोडू नका. आम्ही स्वतःहून उठू शकत नाही. तुम्हीच आम्हाला उचलायचं असतं.

मी दाराआड टेकलेली होते. दीपश्रीनं चारही विटा पिशवीत भरल्या आणि ती आईआप्पांसमोर उभी राहिली.

“रविवारी मी सभेला जाणार आहे. विटा निरीक्षकांच्या टेबलावर मांडणार आणि सांगणार, या वेळी तिकीट नगरसेविका वनिताक्कांना द्या. पक्षातल्याच आहेत, आणि मागच्या गल्लीचं गटार त्यांनी एकही नारळ न फोडता बांधलंय.”

“तू पक्षाची सभासद नाहीस,” आप्पा म्हणाले.

“आई आहे. आई उभी राहील, मी तिच्या शेजारी उभी राहून बोलेन.”

आईनं पिशवीचा एक बंद हातात घेतला.

“दुकानाचं काय होईल, कळतंय का?” आप्पांनी विचारलं. “आणि एवढं करून तिकीट साहेबांनाच मिळालं तर?”

“तर या विटा आपल्या काउंटरवर राहतील, येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला दिसतील अशा. तुम्ही काढल्यात तर मी परत ठेवीन. पाच वर्षं ठेवीन, आप्पा. पुढच्या वेळी मला मत असेल, आणि ते कुणाच्या विरोधात जाणार, हे मी आजच ठरवलंय.”