बेल्टच्या वर की खाली

अवघड जागेचं दुखणं आणि जावई डॉक्टर, ही म्हण क्लचसर आयुष्यभर दुसऱ्यांवर वापरत आले होते. मग त्यांच्या मुलीनं डॉक्टरशी लग्न केलं, आणि दोन वर्षांनी दुखणंही नेमकं त्याच जागी आलं.

सर गाडी चालवायला शिकवायचे. शिकणाऱ्याच्या डाव्या हाताला बसून दिवसाला आठ तास "क्लच! क्लच!" असं ओरडत असल्यामुळे त्यांचं खरं नाव फक्त लायसन्सवर उरलं होतं. रक्त पडायला लागलं तेव्हा त्यांनी स्वतःच निदान केलं: मूळव्याध. उपायही स्वतःच ठरवला: कुणाला सांगायचं नाही. झाकली मूठ सवा लाखाची. गाडीच्या सीटवर मऊ उशी आली. कुणी विचारलंच तर "पाठ." त्यावर मोठ्या भावानं एक लाकडी फळी आणून त्यांच्या गादीखाली घातली, शेजाऱ्यानं कमरेचा पट्टा दिला, आणि सर चार महिने नसलेल्या पाठदुखीचे उपचार सोसत राहिले. शेवटी पाठही दुखायला लागली.

बिंग फोडलं ते पेट्रोल पंपावरच्या माणसानं. एका तासाच्या शिकवणीत सर तीनदा गाडी पंपावर घ्यायला लावायचे आणि मागच्या संडासाकडे धूम ठोकायचे. एकदा सरांची बायको स्कूटरमध्ये पेट्रोल भरायला गेली, तर तो काळजीनं म्हणाला, "वहिनी, साहेब बरे आहेत ना? पेट्रोल भरत नाहीत, पण पंपावर रोज असतात."

बायको शाळेत गणित शिकवायची. घरी येऊन तिनं दोनच प्रश्न विचारले. "किती दिवस?" आणि "रक्त?" सरांनी दोन्हींची उत्तरं फरशीकडे बघत दिली. तिनं उभ्या उभ्या जावयाला फोन लावला.

"अगं, पण ते डोळ्यांचे डॉक्टर आहेत!" सर कळवळून म्हणाले. "त्यांचा या टोकाशी काय संबंध?"

"संबंध नसेल, ओळखी तर असतील."

ओळख निघाली. जावई मवाळ माणूस. त्याला गाडी सरांनीच शिकवली होती, आणि इतकं ओरडून शिकवली होती की सासऱ्यांसमोर स्टिअरिंग धरायची पाळी आली की त्याला अजून घाम फुटायचा. त्यानं सरांना आपल्या ओळखीच्या सर्जन बाईंकडे नेलं. तपासणी चालू असताना पडद्याबाहेरून त्याचा आवाज आला, "बाबा, निश्चिंत राहा. मी भिंतीकडे तोंड करून उभा आहे."

"जावईबापू, भिंतीलासुद्धा कान असतात," सर आतून विव्हळले. "तुम्ही खाली कँटीनमध्ये जा."

आठवड्याभरात सगळे रिपोर्ट आले. सर्जन बाईंनी कागदावर आकृती काढली आणि काहीही न लपवता सांगितलं. कॅन्सर आहे. पसरलेला नाही. पण गाठ अगदी गुदद्वाराच्या तोंडाशी आहे. आधी रेडिएशन आणि गोळ्या, मग ऑपरेशन. खालची वाट बंद करायची, पोटावर नवी काढायची, आणि तिच्यावर पिशवी लावायची.

"किती दिवस?" सरांनी विचारलं.

"कायमची."

सरांनी आकृतीतल्या बंद वाटेवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "म्हणजे आता वनवे."

बाई हसल्या. बायको हसली नाही. तिनं नवऱ्याच्या हातातून कागद काढून घेतला आणि घडी करून पर्समध्ये ठेवला.

रेडिएशन अठ्ठावीस दिवस होतं. रोज मशीनखाली जाण्याआधी भरपूर पाणी प्यायचं आणि लघवी धरून ठेवायची, असा नियम. सर घरूनच पाणी पिऊन निघत. घर ते हॉस्पिटल या रस्त्यावर किती गतिरोधक आहेत, हे तीस वर्षांत त्यांनी कधी मोजलं नव्हतं. अकरा होते. जावई गाडी चालवायचा, आणि प्रत्येक गतिरोधकापुढे सर हात जोडायचे. "सेकंड गिअर, जावईबापू. तुमच्या पाया पडतो, सेकंड."

तिसऱ्या आठवड्यात बसायची जागा अशी सोलवटली की हात जोडायचंही त्राण उरलं नाही. सर उभ्यानंच जेवायचे.

ऑपरेशन आठवड्यावर आलं, तेव्हा एका संध्याकाळी बायको वह्या तपासत होती आणि सर टेबलाला टेकून उभे होते.

"मी धंदा बंद करतो," ते म्हणाले.

"का?"

"बंद गाडी. काचा वर. शिकणारा दोन फुटांवर. आणि माझ्या पोटावर ते."

तिनं पेन खाली ठेवलं. नवऱ्याचं बोलणं अजून संपलेलं नाही, हे तिला कळत होतं.

"आणि तू दुसऱ्या खोलीत झोपशील," सर घाईघाईनं म्हणाले. "मी काही म्हणणार नाही. डॉक्टर म्हणाल्या, बाकीचंही सगळं पहिल्यासारखं होईलच असं नाही. नसा असतात तिथे."

"मला पण सांगितलंय त्यांनी."

"मग?"

"मग काय? तीस वर्षं तुमचं घोरणं ऐकत त्याच खोलीत झोपले. तेव्हा तुम्ही कुठे विचारलंत?" एवढं बोलून तिनं पुन्हा पेन उचललं. पण पुढच्या वहीत एका मुलाला वीसपैकी बावीस मार्क पडले.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी पिशवीच्या सिस्टर आल्या. ठेंगण्या, खणखणीत आवाजाच्या. पिशवीची जागा आधीच पेननं आखायची असते, म्हणून त्यांनी सरांना उभं केलं, बसवलं, वाकवलं.

"इथे खूण केली तर तुम्हाला दिसेल का?"

सरांनी आपल्या पोटाच्या घेरावरून खाली पाहायचा प्रयत्न केला. "सिस्टर, त्या भागातलं मला गेल्या दहा वर्षांत काहीच दिसलेलं नाही."

"मग जरा वर घेऊ."

"थांबा," सर एकदम म्हणाले. "सीटबेल्ट कुठून जातो?" धंदा बंद करणार असलेल्या माणसाचा हा प्रश्न. बायकोनं तो ऐकला आणि मनात टिपून ठेवला.

सिस्टरांनी विचार केला. "चला, गाडीतच बघू."

अशा रीतीनं हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये भर दुपारी सर डाव्या सीटवर शर्ट वर करून बसले, मागच्या सीटवरून सिस्टर पेन घेऊन पुढे वाकल्या, आणि जावई स्टिअरिंगवर बसला. नुसतं बसून भागणार नव्हतं. कचकन ब्रेक लागल्यावर बेल्ट कुठे रुततो, ते सिस्टरांना बघायचं होतं.

"घ्या पुढे," त्या म्हणाल्या. "आणि मी सांगितलं की दाबा ब्रेक."

जावयानं गाडी काढली.

"दाबा!"

"क्लच! क्लच!" सर सवयीनं किंचाळले. जावयाची गाळण उडाली. गाडी तीन गचके खाऊन बंद पडली, आणि सिस्टरांच्या पेननं सरांच्या बेंबीपासून बरगडीपर्यंत लांबलचक रेघ ओढली.

वॉचमन धावत आला. त्यानं काचेतून उघडं पोट, त्यावरची रेघ आणि पेन रोखलेली बाई पाहिली. "इथे ऑपरेशन करायला परवानगी नाही," तो म्हणाला.

सगळ्यात आधी बाहेर उभी असलेली बायको हसली. गाडीच्या बॉनेटला धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मग सरही हसायला लागले. जावई एवढंच म्हणाला, "बाबा, आता पुन्हा दाबतो. तुम्ही फक्त बोलू नका." सासऱ्याला त्यानं दिलेला तो पहिला हुकूम. सरांनी ओठ घट्ट मिटले. या वेळी ब्रेक झकास लागला, आणि बेल्टच्या वरच्या व खालच्या पट्ट्यांमध्ये जो मोकळा त्रिकोण उरला, त्यात सिस्टरांनी फुली मारली.

ऑपरेशन सहा तास चाललं. चौथ्या दिवशी राउंडच्या वेळी पिशवीतून पहिला आवाज आला, चांगला दणदणीत. सर लाजेनं अर्धमेले झाले. सर्जन बाई मात्र हरखून म्हणाल्या, "वा! आतडं चालू झालं!" मागच्या दोन शिकाऊ डॉक्टरांनीही माना डोलावल्या. ज्या आवाजासाठी लहानपणी आईनं कानफटात दिली होती, त्यावर आता वाहवा मिळत होती.

तरी दहा दिवस सरांनी खाली पाहिलं नाही. पिशवी बायको बदलायची, सर छताकडे बघायचे. अकराव्या दिवशी तिनं हात मागे घेतले. "आजपासून तुम्ही."

"मला जमणार नाही."

"ऐंशी वर्षांच्या आजोबांना रिव्हर्स शिकवलंत ना? मग?"

सरांनी आरसा धरला आणि पाहिलं. लालसर, ओलसर, नाण्याएवढं काहीतरी. गालाच्या आतल्या बाजूसारखं. त्यांनी मनात ज्या राक्षसाला इतके दिवस पोसलं होतं, त्याच्यापुढे हे अगदीच किरकोळ निघालं. पहिली पिशवी तिरकी बसली, दुसरी गळली, आणि चादरीबरोबर सरांनाही धुवावं लागलं. त्या दिवशी ते रडले. तिसरी नीट बसली.

चार महिन्यांनी ते गाडीत परतले. पहिल्याच दिवशी शिकायला आल्या एक निवृत्त मुख्याध्यापिका. चौकातल्या सिग्नलला गाडी थांबली, सगळं शांत झालं, आणि पिशवीनं मोठ्ठा आवाज काढला.

बाई दचकल्या. "सर, माझा गिअर चुकला का?"

हो म्हणणं सोपं होतं. सरांनी तसं तोंडही उघडलं. पण बिचारीचा गिअर अगदी बरोबर होता, आणि विद्यार्थ्याची खोटी चूक काढणं त्यांच्या तत्त्वात बसेना.

"गिअर बरोबर आहे," ते म्हणाले. "तो मी. ऑपरेशन झालंय, पोटावर पिशवी आहे. तिला वेळकाळ कळत नाही."

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. "मी पस्तीस वर्षं शाळा चालवली. प्रार्थनेच्या वेळी आठशे मुलं समोर उभी असायची. मला असल्या आवाजांचं काय सांगता?" आणि मागचे हॉर्न वाजायला लागल्यावर म्हणाल्या, "सिग्नल सुटलाय. जाऊ की नको?"

"जा," सर म्हणाले.

पहिल्या तपासणीत सगळं स्वच्छ निघालं. पुढची तीन महिन्यांनी, आणि तिच्या आदल्या आठवड्यात झोप उडणार, हे त्यांनी मान्य करून टाकलं. नसांचं म्हणाल तर त्या अजून रुसलेल्या होत्या. वर्ष लागेल, कदाचित जास्त, असं सर्जन बाई म्हणाल्या. घरात त्याची घाई कुणालाच नव्हती.

एका रविवारी दुपारी जेवण करून दोघं आडवी झाली. बायको सरकून जवळ आली आणि तिनं त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवलं. सर श्वास रोखून पडून राहिले. शेवटी राहवेना म्हणून त्यांनी विचारलं, "खरं सांग. वास येतो का?"

"येतो ना," ती डोळे न उघडता म्हणाली. "कच्चा कांदा खाल्लाय तुम्ही. तोंड तिकडे करा."