मी फक्त हात दाखवले

मित्रांनो, घोड्याच्या नालेसारखा वाकलेला, मागच्या बाजूने झिजून गुळगुळीत झालेला आणि तोंडाशी रबरी चिमटा असलेला मी एक जुना मोबाईल होल्डर आहे, गळ्यात घालायचा. आम्हांला कोणी जीवनकथा विचारत नाही. मोडला की फेकला, संपले. पण माझ्या मनावर एक ओझे आहे आणि ते कुठल्याही फोनपेक्षा जड आहे. म्हणून आज बोलतो.

माझा जन्म एका लांबलचक पत्र्याच्या शेडमध्ये झाला. आत धातूची जाड तार, वरून मऊ काळे आवरण. अंग तयार झाल्यावर मला एका यंत्राला जुंपले. ते मला दिवसभर वर-खाली वाकवत राहिले. माझ्या बरोबरीचे कितीतरी जण दुपारपर्यंत माना टाकून बसले. त्यांना बाजूला काढले. मी मात्र वाकवाल तिथेच थांबत होतो. तपासणारी बाई माझ्याकडे बघून शेजारणीला म्हणाली, "हा नाही मान टाकायचा." पुढे मला कौतुक पुष्कळ मिळाले, पण पहिले ते पहिलेच.

दुकानात मी आठ महिने धूळ खात पडलो होतो. मग एके दिवशी एक आई आणि तिची मुलगी आल्या. आई पुस्तके बांधायची. जुन्या ग्रंथालयांची, शाळांची फाटकी पुस्तके उसवून, शिवून, नवा पुठ्ठा चढवून द्यायची. ती जन्मापासून बहिरी होती. मुलीला ऐकू येत असे, पण तिची पहिली भाषा हातांचीच. मुलगी नर्सिंग शिकायला दूरच्या शहरात निघाली होती आणि त्याआधी दोघींना रोज बोलता येईल अशी काही सोय हवी होती.

दुकानदाराला वाटले, बाईंना स्वयंपाकाचे व्हिडिओ करायचे असतील. त्याने गोल दिव्याचा स्टँड काढला. मुलगी म्हणाली, "काका, आई हातांनी बोलते. तिला ऐकू येत नाही. दोन्ही हात मोकळे पाहिजेत."

"असं होय!" म्हणत दुकानदार आईकडे वळला आणि कानठळ्या बसतील एवढ्या मोठ्याने म्हणाला, "दोन्ही हात मोकळे! बरं का ताई!"

आईने हातांनी मुलीला विचारले, "याची दाढ दुखतेय का? एवढं तोंड का उघडतोय?" मुलगी हसू दाबत राहिली.

टेबलावरचा स्टँड आईला पसंत पडला नाही. ती शिवायच्या बाकावरून पुठ्ठे चिकटवायच्या खळीच्या टेबलाकडे, तिथून दाबयंत्राकडे अशी दिवसभर हिंडायची. स्टँड बिचारा एकाच जागी. छातीला बांधायच्या पट्ट्यात तिला घुसमटल्यासारखे झाले. मग तिने मला गळ्यात घातले, माझ्या चिमट्यात फोन अडकवला आणि मुलीने दुकानाच्या दाराशी जाऊन फोन लावला. फोन थरथरला. ती थरथर माझ्या तारेतून तिच्या मानेच्या हाडापर्यंत गेली आणि तिचे डोळे मोठे झाले. "फोन आला की मला कळतंय," तिने हातांनी सांगितले, "खिशात ठेवल्यावर कळत नाही." एवढ्यावर माझी निवड झाली.

पहिल्या दिवशी फजिती झाली. आईने फोन अगदी तोंडाशी धरला. वसतिगृहातून मुलगी म्हणाली, "आई, मी तुझ्या नाकाशी बोलतेय." मग तिने शिकवले: मला आधी पुढे वीतभर, दीड वीत सरळ काढायचे आणि टोक तेवढे वर वळवायचे, म्हणजे कपाळापासून कमरेपर्यंत सगळे दिसते. बहिऱ्या माणसाला हे सगळे लागते, मित्रांनो. हात शब्द सांगतात, पण ते रागाने सांगितले की थट्टेने, हे भुवयांवर आणि ओठांवर वाचायचे असते.

त्यानंतरची दोन वर्षे माझ्या आयुष्यातली सोन्याची. रोज संध्याकाळी पाच वाजता मी थरथरायचो. आईच्या हातांवर खळ वाळलेली असायची. दोन टाके घालायचे, एक वाक्य बोलायचे, असे तिचे चाले. त्यांच्या भाषेत प्रत्येकाला हातांनी करायचे नाव असते. गालावर बोट टेकवले की मुलगी. अंगठा बोटावर खळ लावल्यासारखा घासला की आई. एकदा आईने एका मोठ्या ग्रंथाचे सोळा पानांचे एक अख्खे जुडगे उलटे शिवले आणि ते पुठ्ठा चढल्यावर लक्षात आले. ते सांगताना तिने असा चेहरा केला की मुलगी वसतिगृहाच्या गच्चीवर पोट धरून बसली. मुलगी सगळ्यांना सांगायची, "आमच्या घरात सगळ्यांत कामाचा कोण असेल तर आईच्या गळ्यातला तो." मी सुखाने फुगलो होतो.

तिसऱ्या वर्षी आईचे जेवण कमी झाले. तिचा धाकटा भाऊ, म्हणजे मुलीचा मामा, तिला दवाखान्यात घेऊन गेला. मी तेव्हा पिशवीतून मान बाहेर काढून होतो. डॉक्टर मामाशी बोलले, ते मी ऐकले. पोटात गाठ होती आणि ती फार पसरली होती. हातात काही महिने होते. मामाला हातांची भाषा बोबडी येत असे. हे सगळे आपल्या बोबड्या हातांनी बहिणीला सांगताना तो दवाखान्याच्या जिन्यातच खाली बसला.

आईने त्याला एकच गोष्ट बजावली. "पोरीची शेवटची परीक्षा साडेतीन महिन्यांवर आहे. तिला कळलं तर ती सगळं टाकून येईल. शेवटचा पेपर होईपर्यंत बोललास तर माझं मेलेलं तोंड पाहशील."

दुसऱ्या दिवशी पाच वाजता मी थरथरलो. आईने भिंतीवरच्या आरशात पाहिले. डोळे पिवळे झाले होते, गाल बसले होते. मुलगी दिवसभर रुग्णांचे चेहरे वाचायला शिकत होती. तिने एका नजरेत ओळखले असते. आईने मला मानेला धरले, खाली वाकवले आणि मगच फोन घेतला.

पडद्यावर आता दोन हात होते, खळीचे भांडे होते आणि शिवायचे पुस्तक.

"आई, तुझा चेहरा दिसत नाही," मुलगी म्हणाली.

"होल्डर सैल झालाय," आईचे हात म्हणाले. "सारखी मान टाकतो."

मित्रांनो, माझ्यावर खोटेच खापर फुटले, त्याचे एवढे दुःख नाही. पण मला वर उठता येत नव्हते. वाकवाल तिथे थांबायचे, एवढेच मला येते. त्या दिवसापासून रोज तसेच. आईने हात धुऊन, तेल चोळून बसायचे आणि मी मान खाली घालून फक्त हात दाखवायचे. मुलगी एकदा म्हणाली, "बोटं किती बारीक झालीत गं." हातांनी उत्तर दिले, "खळीने सुकतात. विसरलीस?" फोन बंद झाल्यावर ते हात किती वेळ मांडीवर नुसते पडून राहायचे, ते मी पाहत होतो.

मुलीने नवा होल्डर पाठवला. आईने खोका हातात घेऊन पाहिला, चिकटपट्टीसुद्धा काढली नाही आणि पुठ्ठ्यांच्या थप्पीमागे ठेवून दिला. मुलीला तिने सांगितले, "मिळाला, पण मानेला टोचतो. तू आलीस की बघू." मुलीनेही ताणून धरले नाही. अभ्यासाचा डोंगर होता आणि आईचे हात तर रोज थट्टा करत होते.

मामा रोज येऊन विनवायचा, "तायडे, सांगून टाक. मला झेपत नाही हे." ती मान हलवायची.

पेपर सुरू होताना आईच्या हातांनी मुलीला सांगितले होते, "आता पेपर संपेपर्यंत फोन नको, अभ्यास कर." शेवटचा पेपर झाला त्याच दुपारी मामाने मुलीला फोन लावला. मुलगी दुसऱ्या दिवशी पोचली. तोपर्यंत मला खुंटीला टांगले होते आणि आई खाटेवर होती. मुलीने दारातून तिच्याकडे पाहिले आणि हातातली बॅग तशीच खाली सोडली. ती धावत जाऊन खाटेशी बसली, दोन्ही हातांनी विचारत सुटली, "कधीपासून? का नाही सांगितलंस? का?"

आईने उत्तर द्यायला हात उचलला. तो गादीपासून चार बोटे वर आला आणि पुन्हा खाली गेला. त्या हातांत आता शब्द करण्याइतके बळ उरले नव्हते. साडेतीन महिने मुलीला हात दिसले होते, चेहरा नाही. आता चेहरा समोर होता, डोळे काहीतरी सांगू पाहत होते आणि हात मुके झाले होते. मुलगी तो चेहरा सहा दिवस वाचत बसली. सहाव्या दिवशी सकाळी तो शांत झाला.

आठवड्याने ती एकटीच कामाची खोली आवरत होती. पुठ्ठ्यांच्या थप्पीमागे तिला तो न उघडलेला खोका सापडला. तिने तो बराच वेळ हातात धरला. मग मला खुंटीवरून काढले, टेबलावर ठेवले, मानेला धरून वर वाकवले आणि सोडून दिले. मी पडेन म्हणून ती वाट पाहत राहिली. मी पडलो नाही. तिने मला खाली वाकवले, पुन्हा वर केले. मी जिथल्या तिथे.

मग ती माझ्यासमोर खुर्ची ओढून बसली. माझ्या चिमट्यात फोन नव्हता. तरी तिने अंगठा बोटावर घासला, आईला हाक मारली आणि हातांनी म्हणाली, "परीक्षा दर सहा महिन्यांनी असते, आई. पुन्हा देता आली असती." आणि तेच ती तोंडानेही बोलली, त्या घरात ऐकणारे कोणी नसताना.

मित्रांनो, मला जपा, पुसा, नीट ठेवा, असे मी सांगणार नाही. माझे काय, माझ्यासारखे छप्पन्न मिळतील. पण तुमच्या आईचा नुसता आवाज येत असेल, नुसते हात दिसत असतील, कॅमेरा बिघडलाय असे ती म्हणत असेल, तर ते मुकाट ऐकून घेऊ नका. चेहरा दाखव म्हणा. नाहीच दाखवला, तर त्याच दिवशी घरी जा.