मधले तीन फूट

शिखर कुठे आहे ते ठरलं होतं. किती आहे ते ठरायचं होतं.

मोजणीच्या सहा ठाण्यांवरून सहा दुर्बिणींनी त्याच्याकडे पाहिलं होतं. अक्षांश जुळले, रेखांश जुळले. उंचीची पाच उत्तरं आली, जुळली, फायलीत गेली. सहावं अडलं.

कचेरी

वरचा मजला. मधोमध बोळ. बोळाच्या डावीकडे एक खोली, उजवीकडे एक. डोंगराळ मुलुखात गेलेली माणसं कोनांच्या वह्या पाठवत. प्रत्येक वहीच्या दोन नकला होत, एक डावीकडे जाई, एक उजवीकडे. दोन खोल्यांतले दोन गणक एकच गणित एकमेकांना न विचारता करत. उत्तरं जुळली तर ती खरी. नाही जुळली तर दोघांनाही एकेक चिठ्ठी: ‘न जुळले.’ कुणाचं किती आलं, ते चिठ्ठीत नसे. दुसऱ्यांदाही तसंच. तिसऱ्यांदा मात्र दोघांना तपासनीसबाईंच्या टेबलाशी बसवत आणि लॉगचं पुस्तक उघडून, एकेक आकडा मोठ्याने वाचत, पहिल्यापासून गणित करायला लावत.

लॉगचं पुस्तक म्हणजे शेकडो पानं भरून मुंगीएवढे आकडे. त्यामुळे डोंगराएवढे गुणाकार साध्या बेरजांवर येतात.

डाव्या खोलीत नवरा बसे, उजव्या खोलीत बायको. अकरा वर्षं. कामाचं घरी बोलायचं नाही, असा नियम होता आणि तो दोघांनी पाळला होता. घरी ते भाजीबद्दल बोलत, छपराच्या गळतीबद्दल बोलत, आक्कांच्या गुडघ्यांबद्दल तर फारच बोलत. डोंगर दोघांच्या मधून जाई, मुकाट.

शिखर त्या मजल्यावर कुणीच पाहिलेलं नव्हतं.

नवरा

त्याला कचेरीत पुस्तकराव म्हणत. कामात लागणारी दोनशे पानं त्याला तोंडपाठ होती. तरुणपणी कुणाशी तरी पैज लावून केली होती. पैज कुणाशी ते विसरला, पानं राहिली.

आठ महिन्यांपूर्वी त्याच्या नजरेच्या बरोबर मध्यावर एक ढग आला. ज्याच्याकडे बघावं तेच नाहीसं व्हायचं, आजूबाजूचं सगळं जागच्या जागी. डॉक्टर म्हणाले, ढग जाणार नाही, वाढेल मात्र हळूहळू.

बायकोला ते कळलं एका सकाळी. तो तिच्याशी बोलत होता आणि बघत होता तिच्या कानाकडे. तिला वाटलं, आज स्वारी लाडात आलीय. मग तो म्हणाला, “तुझ्या तोंडाकडे पाहिलं की तूच जातेस. म्हणून.”

वहीतले कोन मोठ्या अक्षरात असत. ते तो भिंग तिरकं धरून वाचून घेई. लॉगचे मुंगीएवढे आकडे मात्र गेले ते गेलेच. तो पुस्तक समोर उघडून ठेवी, वेळेवर पान उलटी, आणि मनातलं पान वाची. आठ महिने सगळं जुळत आलं होतं.

ते काम गेलं असतं तर त्याच्याकडे काय उरलं असतं, ते त्याला ठाऊक नव्हतं. तिलाही नव्हतं. म्हणून दोघं गप्प होते.

न जुळले

पहिली चिठ्ठी मंगळवारी.

न जुळले

दुसरी शुक्रवारी. तिसरा कागद सोमवारी दुपारी बारापर्यंत द्यायचा. तिसऱ्यांदाही जुळलं नाही, तर पुस्तक उघडून मोठ्याने वाचायचं.

बोळात दोघं समोरासमोर आले. त्याने तिच्या कानाकडे पाहिलं, तिने त्याच्या बटणाकडे. नियम होता. दोघं आपापल्या खोलीत गेले.

सुट्टीची सकाळ

तो दाढी करायला गेला. हे काम आता बोटांनीच चाले, त्यामुळे फार वेळ लागे. ती आक्कांच्या खोलीत गेली. आक्का म्हणजे त्याची थोरली बहीण. लोकांचे पडदे शिवून द्यायच्या, आणि शिवताना तोंड मशीनच्या चाकापेक्षा जोरात फिरायचं.

“आक्का, ह्यांचं ते जुनं पुस्तक कुठंय हो?”

“कुठलं? ते मुंग्यांचं? माझ्या मशीनखाली. पाय डुगडुगत होता, टेकू दिलाय.”

“जरा काढते.”

“काढ. पडदा वाकडा आला तर तू शिव.”

तिचा अंदाज होता तो असा. नवरा चुकत नाही, तीही चुकत नाही. म्हणजे चूक तिसऱ्याचीच असणार. तिने कचेरीत नव्या आवृत्तीतून घेतलेले आकडे कागदावर आणले होते. ती जुनी पानं एकेक करून ताडत गेली. पान एकशे एक्केचाळीस, ओळ बावीस, पाचवा अंक. तिच्याकडे एक. जुन्या पुस्तकात आठ.

जुनं पुस्तक छापणाऱ्याच्या हातून कधी तरी चुकीच्या अंकाचा खिळा बसला होता, नव्यात तो सुधारला होता. आणि पोरवयातला एक हुशार माणूस तो आठ पाठ करून बसला होता.

तिने आठ धरून गणित केलं. तिचं होतं सत्तावीस हजार चारशे बारा फूट. त्याचं निघालं सत्तावीस हजार चारशे पंधरा.

“यांना सांगू नका हं, मी पुस्तक काढलं ते.”

“मी कशाला सांगते? मला कुणी काही विचारतं का या घरात?”

मधले तीन फूट

ती बाजारात जायला निघाली, पण पाय दुसरीकडेच चालत होते. दोन शिखरं. एक तिचं, बर्फाचं. त्याच्यावर तीन फूट दुसरं, त्याचं, कशाचंच नाही. मधे नुसती हवा, उजेडाने भरलेली. तिला दिसलं, तो त्या वरच्या शिखरावर उभा आहे, पायाखाली काही नसताना, अगदी आरामात, हात मागे बांधून. त्याला कुणी सांगितलं नाही तोवर तो पडणार नव्हता.

तसंही शिखर असतं त्याहून उंचच दिसतं. थंड हवेतून येताना प्रकाश वाकतो. पहाटे डोंगर वर उचलल्यासारखा, दुपारी खाली बसल्यासारखा. दिवसभर तो असा श्वास घेत असतो, आणि गणकांनी त्या श्वासातून त्याची उंची सोडवून घ्यायची असते. मग आणखी तीन फूट श्वास घेतला तर कुणाचं काय बिघडलं? इतक्या वर जाऊन टेप कोण लावणार?

तिने टोमॅटो घेतले. कांदे विसरली. सोमवारी पंधरा लिहायचं, हे ठरलं.

त्याच सुट्टीची दुपार

“आक्का, माझं जुनं पुस्तक आहे का गं?”

आक्कांनी मशीन थांबवलं. “आज काय त्याचा वाढदिवस आहे?”

“का?”

“काही नाही. आहे. घे.”

“घेऊन काय करू? तूच वाच. पान एकशे तीसपासून.”

“नुसते आकडे? अरे बाळ्या, मी बाई पडदे शिवणारी.”

“मापं वाचतेस ना? तसंच वाच.”

आक्का वाचू लागल्या. कुणाला तरी फैलावर घेतल्यासारख्या वाचत होत्या. तो डोळे मिटून आपलं मनातलं पान पुढे सरकवत होता. तीस, पस्तीस, चाळीस, एक्केचाळीस. सगळं जसंच्या तसं. कुठे काही चुकत नव्हतं, आणि म्हणूनच त्याला भीती वाटू लागली.

“झालं? का पुठ्ठ्याला चिकटलेलं चिठोरंही वाचू?”

“कसलं चिठोरं?”

“थांब, सोडवते. ‘शुद्धिपत्र. पान एकशे एक्केचाळीस, ओळ बावीस, पाचवा अंक आठ ऐवजी एक असा वाचावा. तसदीबद्दल क्षमस्व.’”

मशीनच्या चाकावर ऊन पडलं होतं.

“आक्का, पुन्हा वाच.”

“क्षमस्वसकट?”

त्याने आपल्या मनातलं एकशे एक्केचाळिसावं पान उघडलं. बाविसावी ओळ. आठ तिथे वीस वर्षं राहत होता, भाडेकरूसारखा घट्ट. त्याला काढायला बराच वेळ गेला. मग त्याने त्या जागी एक बसवला. उत्तर तीन फूट खाली उतरलं. म्हणजे बायकोची दोन्ही उत्तरं बरोबर होती. सोमवारी बारा लिहिलं की जुळणार, पुस्तक उघडायची वेळ येणार नाही.

“तिला सांगू नकोस.”

“तू पण?” आक्का म्हणाल्या आणि त्यांनी जीभ चावली.

“पण म्हणजे?”

“पण म्हणजे पण. चहा टाकू?”

तो हसला. डोक्यातला नवा एक सांडू नये म्हणून त्याने पुढे काही विचारलं नाही. आणि आक्कांनी त्या दिवशी दोन्ही वचनं पाळली. आयुष्यात एरवी एकही पाळलं नव्हतं.

सोमवार, साडेअकरा

तपासनीसबाईंच्या कानावर पेन्सिल असे, दुसरी हातात, तिसरी त्या शोधत असत. त्यांनी दोघांना बोलावून घेतलं.

“काय हो, भांडलात की काय? भांडण घरी करा, डोंगर माझ्याकडे ठेवा.”

त्यांनी कागद मांडले.

डावी खोली: २७४१५. २७४१५. २७४१२.
उजवी खोली: २७४१२. २७४१२. २७४१५.

तिने ते पाहिलं. त्याला दिसलं नाही, पण तिचा श्वास अडकलेला ऐकू आला, आणि आक्कांचा ‘पण’ त्याला एकदम कळला.

“इतक्या वर्षांत लोक चुकताना पाहिले,” बाई म्हणाल्या, “पण एकाच दिवशी जागा बदलताना नाही पाहिले. बसा. पुस्तक उघडते. पुस्तकराव, वाचा.”

त्याने वाचलं. म्हणजे पानावर बोट ठेवून म्हटलं. बाई शेजारून पाहत होत्या. एकशे एक्केचाळीस, बावीस, पाचवा अंक. “एक,” तो म्हणाला. पुस्तकातही ‘एक’ होता. वाचन पार पडलं. ज्या गोष्टीला दोघं आठ महिने भ्यायले होते, ती दहा मिनिटांत होऊन गेली, आणि त्याला काहीही झालं नाही.

“सत्तावीस हजार चारशे बारा,” बाई म्हणाल्या. मग तिच्या तिसऱ्या कागदावरच्या आठावर बोट ठेवून तिच्याकडे वळल्या. “दोनदा बरोबर लिहिलंत. तिसऱ्यांदा आठ कुठून आणलात? माझ्या पुस्तकात आठ नाही.”

“चुकले.”

“तुम्ही चुकत नाही. तुम्ही बदललंत. आकडा बदलणाऱ्याला या मजल्यावर जागा नाही, हे मी तुम्हाला सांगायचं?”

तिला एवढंच सांगायचं होतं की आठ कुणाचा आहे, आणि तेवढंच ती सांगणार नव्हती.

“आठ माझा आहे,” तो म्हणाला.

“अहो,” ती म्हणाली.

“थांब.” त्याने पुस्तक चाचपून मिटलं. “हे पुस्तक मी आठ महिने वाचलेलं नाही, बाई. मला दिसत नाही. आत्ता वाचलं तेही पाठ होतं. जुन्या पुस्तकात चूक होती, मी चुकीसकट पाठ केलं होतं. हिने ते शोधलं आणि मला वाचवायला डोंगर उचलला.”

तपासनीसबाईंनी हातातली पेन्सिल खाली ठेवली. कानावरचीही काढून ठेवली.

“आठ महिने जुळत कसं होतं मग?”

“ती ओळ वाटेत आली नव्हती.”

खालच्या मजल्यावर कुणी तरी खुर्ची ओढली.

“कागद बाराला जमा होतो,” शेवटी बाई म्हणाल्या आणि तिचा कागद तिच्यापुढे सरकवला. “अजून पावणेबाराच वाजलेत. बाराच्या आत गणकाने आपलं उत्तर दुरुस्त केलं तर ते बदलणं धरत नाहीत.” मग त्याच्याकडे वळल्या. “तुम्हाला मात्र वेळ देता येणार नाही.”

“माहीत आहे.”

“पुस्तक न उघडणारा गणक मला चालायचा नाही. कितीही बरोबर असला तरी.”

“मलाही नसता चालला,” तो म्हणाला.

तिने पंधरा खोडून बारा लिहिले आणि शेजारी सही केली. त्याने आपल्या कागदावर सही केली. ती कागदावर सुरू झाली आणि टेबलाच्या लाकडावर संपली. तिने कागद सरकवायला हात पुढे केला. “राहू द्या,” बाई म्हणाल्या.

रस्ता

बाईंनी तिलाही उरलेल्या दिवसाची सुट्टी दिली. दोघं थांब्याशी उभे राहिले. भर दुपारी ते एकत्र रस्त्यावर असे कधी उभे राहिलेच नव्हते.

“कायमचं वर ठेवणार होतीस डोंगराला?”

“तुम्ही रिटायर होईपर्यंत. मग मीच म्हणाले असते, पुन्हा मोजा.”

“तोवर थांबला असता तो?”

“त्याला कुठे जायचंय.”

तो हसला, मग बराच वेळ हसला नाही. पोस्टाच्या पायऱ्यांवर एक माणूस पाकिटं चिकटवत बसला होता. त्या माणसाला बघायला तो बाजूच्या भिंतीकडे बघत राहिला.

“मी आता गणक नाही,” तो म्हणाला. “म्हणजे तू मला सांगू शकतेस.”

“काय?”

“सहावं ठाणं. माझ्या नकलेत समासात काही तरी बारीक लिहिलेलं होतं. मला लागलं नाही ते.”

ती त्याच्या जवळ सरकली. अकरा वर्षांत पहिल्यांदाच सांगत होती, त्यामुळे आवाज थोडा चोरटा आला.

“एकशे बारा मैल. मधे दोन नद्या. कोन जेमतेम दोन अंशांचा. निरीक्षक नऊ दिवस बसून होता, नऊही दिवस ढग. दहाव्या सकाळी वीस मिनिटं शिखर निघालं. त्यात त्याने चौदा वेळा कोन घेतला.”

“आणि वीस मिनिटांनी?”

“पुन्हा ढग. काम झालं होतं त्याचं. पण खाली लिहिलंय, आणखी चार दिवस थांबलो.”

“कशाला?”

“ते त्याने लिहिलेलं नाही.”

बस आली. दोघांनी ती जाऊ दिली.