शेवटच्या फेरीचे बूट

तीस एप्रिलला नागनाथची शेवटची गाडी होती आणि घरात भांडण चाललं होतं ते बुटांवरून. चौतीस वर्षं रेल्वेत गार्डाची नोकरी केलेल्या माणसाच्या घरी अशा वेळी पेढे किती आणायचे, पहिला हार कुणी घालायचा, असल्या गोष्टींवर बोलणं व्हावं. पण छे! जयपूरच्या रेल्वे कॉलनीतल्या त्या दोन खोल्यांत आठ दिवस एकच विषय होता. प्रणालीने हाताने शिवलेले बूट तिचा बाप घालणार की नाही?

बाप घालणार नव्हता. बायकोला, आनंदीला, त्याने तसं स्वच्छ सांगून टाकलं होतं.

प्रणाली एकुलती एक. सीतापुऱ्याच्या कॉलेजात इंजिनिअरिंगची दोन वर्षं काढली आणि तिसऱ्या वर्षी नाव काढून घेऊन सरळ चंदनजी नावाच्या म्हाताऱ्या कारागिराकडे मोजड्या शिवायला जाऊन बसली. तीन वर्षं झाली त्याला. आता तिच्या मोजड्या सी-स्कीमसारख्या उंची वस्तीतल्या एका दुकानात काचेआड मांडलेल्या असतात. आनंदी शेजारणींना घेऊन तिथं जाऊनही आली. नागनाथने त्या रस्त्याला पाऊल टाकलं नाही. पोरीशी त्याचं बोलणं "जेवलीस का" आणि "दार लावून घे" एवढ्यावर आलं होतं.

हट्टी तर तो होताच, पण त्याचंही काही खोटं नव्हतं. लातूरकडच्या त्याच्या गावात त्याचा बाप, आबा, वेशीजवळ गोणपाट अंथरून चपला शिवायला बसायचा. गावातली मोठी माणसं तुटकी चप्पल लांबून टाकायची आणि पाय पुढे करून उभी राहायची. शाळा सुटली की नागनाथ आबाशेजारी जाऊन बसे. आणि खरं सांगायचं तर, त्याला ते आवडायचं. भिजवलेल्या चामड्याचा तो उग्र वास, रापीच्या पात्याखालून कांद्याच्या सालीसारखी निघणारी पातळ कातडी. चामड्याची कड छिलून पातळ करणं हे खरं कसबाचं काम. दहाव्या वर्षी पोराने एक कड अशी छिलली की आबाने तो तुकडा उन्हात धरून दोनदा बघितला. नागनाथला वाटलं, आता शाबासकी मिळणार. आबाने तुकडा फेकून दिला आणि पोराच्या थोबाडीत एक ठेवून दिली. हाताला ह्याची गोडी लागली की सुटत न्हाई, म्हणाला, तू पुस्तक धर. मग रात्री पोराला जवळ घेऊन स्वतःच रडला.

नागनाथने पुस्तक धरलं. रेल्वेत लागला, बदली होत होत जयपूरला आला आणि इथलाच झाला. आबा गेला तेव्हा भावांनी भांडी वाटून घेतली, जागा वाटून घेतली. नागनाथने काय नेलं ते कुणी विचारलंच नाही.

तर आठ दिवसांपूर्वी प्रणाली पायाचं माप घ्यायला कागद आणि पेन्सिल घेऊन त्याच्यासमोर आली. तिचं मराठी हिंदीत कालवलेलं. "पप्पा, मतलब, काळेच बनवते. लेसवाले. युनिफॉर्मला चालतील असे."

नागनाथने पाय मागे घेतले. "माझा बाप जन्मभर लोकांच्या पायाशी बसला," तो म्हणाला. "मी उभा राहावं म्हणून बसला. मी उभा राहिलो. आणि माझी पोरगी परत खाली जाऊन बसली. ते बूट मी कोणत्या तोंडाने घालू?"

प्रणालीने पेन्सिल कानामागे खोचली. ती कागद घेऊन उठली. पण बापाचा हट्ट तिच्यातही उतरला होताच. दुसऱ्या दिवशी ड्युटीवरून येऊन तो दुपारचा झोपला, तशी तिने त्याचा जुना बूट उचलला आणि माप घेतलं. उजव्या करंगळीशी त्याला कुरूप होतं, म्हणून बुटाला तिथं एक चीर दिलेली होती. ती चीर बघून प्रणाली थबकली. नुसती कापलेली नव्हती ती. आतून कड छिलून पातळ केली होती, बोट फिरवलं तर धार लागत नव्हती. हे काम चंदनजी तिला सहा महिने शिकवत होते.

संध्याकाळी तिने विचारलं, ही चीर कुणी दिली? फुलेऱ्याच्या स्टेशनाबाहेर एक मोची बसतो, नागनाथ वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणाला. मग वर्तमानपत्राचं पानही उलटायला विसरला.

तीस तारखेला सकाळी पांढराशुभ्र युनिफॉर्म घालून तो दाराशी आला, तर दोन्ही जोड शेजारी शेजारी मांडलेले. त्याने जुना घातला. प्रणाली आत निघून गेली. आनंदीने मात्र नवरा पाणी पितोय तेवढ्यात नवे बूट त्याच्या डब्याच्या पिशवीत कोंबले.

पिशवी त्याने उघडली ती परतीच्या वाटेवर. एक्स्प्रेसला वाट द्यायला गाडी एका छोट्या स्टेशनात उभी होती आणि गार्डाच्या डब्यात तो एकटाच. भाकरी शोधायला हात घातला आणि हाताला बूट लागले. आता काय म्हणावं ह्या बाईला!

ठेवून द्यावे म्हणून त्याने ते बाहेर काढले, आणि ठेववेनात. शिवण बघितली. टाके एकसारखे. टाच बघितली, वास घेतला. पोरीची काही चूक सापडावी म्हणून त्याने उलटसुलट करून पाहिलं आणि शेवटी पायात घातले. सापडली! करंगळीशी किंचित आवळत होतं. तिने कुरपासाठी जागा सोडली होती, बरोबर सोडली होती. पण उभं राहून राहून दुपारनंतर पाय सुजतो, हे झोपेतल्या माणसाच्या जुन्या बुटावरून तिला कुठून कळणार?

नागनाथने आपली लोखंडी पेटी उघडली. नव्या गार्डांना चाकांच्या बॅगा मिळाल्या, ह्याने पेटी सोडली नव्हती. झेंडे, दिवा, नियमांचं पुस्तक, आणि सगळ्यांच्या तळाशी फाटक्या हिरव्या झेंड्यात गुंडाळलेली आबाची रापी. मांडीवर बूट घेऊन तो खाली बसला आणि आतल्या बाजूने कड छिलू लागला. जुन्या बुटाची ती एक चीर सोडली, तर पन्नास वर्षांनी. हात कुठंही अडला नाही. आबाने खरंच सांगितलं होतं, सुटत नाही. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता.

जयपूरच्या फलाटावर ढोल वाजत होता. सोबतच्या गार्डांनी धुक्यात ड्रायव्हरला इशारा द्यायला वापरतात ते फटाके रुळांवर लावून ठेवले होते, निवृत्त होणाऱ्याला ती रेल्वेची सलामी. धडाधड आवाज करत गाडी आत आली. नागनाथ उतरला, गळ्यात हार पडले, आनंदी रडली. मग प्रणाली नमस्काराला वाकली आणि तिला पायांत आपले बूट दिसले.

ती वर उठेचना. पांढऱ्या विजारीच्या दुमडीत चामड्याच्या बारीक काळ्या साली अडकल्या होत्या. तिने एक उचलली, बोटांत धरून उन्हाकडे केली, दोनदा बघितली. मग बुटाच्या करंगळीपाशी अंगठा दाबला.

"पप्पा," ती खालूनच म्हणाली, "तो फुलेऱ्याचा मोची आज गाडीत होता वाटतं?"

ढोलवाला थांबला होता. सगळे बघत होते. नागनाथने पेटी उघडून तळातलं हिरवं गाठोडं काढलं, आणि गळ्यातल्या हारांसकट, त्या पांढऱ्या युनिफॉर्ममध्ये, भर फलाटावर पोरीशेजारी खाली बसला.

"ही तुझ्या आज्याची," त्याने गाठोडं तिच्या हातात दिलं. मग करंगळीवर बोट टेकवून म्हणाला, "दुपारनंतर पाय सुजतो गं. इथं धाग्याएवढी जागा जास्त सोडत जा."