हिरव्या कड्याचा सेन्सर

गॅरेजवाल्या मेस्त्रीला एक खोड होती. वायर जोडायची वेळ आली की तो गिऱ्हाइकालाच विचारायचा, सांगा बरं, ही कुठल्या रंगाची? लोकांना वाटायचं, काय मोकळ्या मनाचा माणूस, हातचं न राखता शिकवतो. कसलं शिकवणं नि कसलं काय! गड्याला हिरवा आणि तपकिरी रंग एकच दिसायचा, आणि तीस वर्षांत त्यानं हे सख्ख्या बायकोलासुद्धा कळू दिलं नव्हतं.

आज गिऱ्हाईक म्हणजे त्याची थोरली वहिनी. तीन नर्सना इस्पितळात ने-आण करायची ती. महिन्यापूर्वी तिच्या गाडीचं इंजिन तापून कामातून गेलं. दादानं, म्हणजे तिच्या नवऱ्यानं, भंगारातून दुसरं इंजिन आणून दिलं खरं, पण बजावलं, की हेही घालवलंस तर पुन्हा स्टिअरिंगला हात लावायचा नाही. वहिनी तापमानाच्या सुईकडे बघतच नाही, हा शिक्का मेस्त्रीनंच मारलेला. ती बिचारी घसा कोरडा करून सांगत होती, की सुई वर गेलीच नाही. कोण ऐकतंय!

या इंजिनाला पाण्याचं तापमान सांगणारे दोन सेन्सर असतात. आटे तेच, प्लग तोच. हिरवं कडं असलेला डॅशबोर्डवरच्या सुईला सांगतो, तपकिरी कड्याचा कॉम्प्युटरला. अदलाबदल झाली की पाणी उकळलं तरी सुई आपली खाली निवांत. सकाळी हे इंजिन बसवताना त्यानं एक सेन्सर वर धरून नेहमीचा प्रश्न टाकला होता. वहिनी फोनवर नर्सबाईंशी वेळ ठरवत होती. हिरवा, हिरवा, म्हणाली. त्यानं तो सुईच्या जागी बसवून टाकला.

आता गाडी अर्धा तास चालू होती आणि सुई जागची हलत नव्हती. वहिनी खूश. मेस्त्रीनं मात्र पाण्याच्या पाइपला हात लावला, तर चटका बसला. सकाळी तिनं सेन्सरकडे बघितलं होतं की नुसतंच ठोकून दिलं होतं? त्यानं पाने पुसले, पुसलेले पुन्हा पुसले. चार वाजता तिला निघायचं होतं. शेवटी न राहवून त्यानं इंजिन बंद करायला लावलं आणि काहीतरी थातूरमातूर कारण सांगितलं.

गरम इंजिनातून सेन्सर काढला तर उकळतं पाणी अंगावर येतं. ते गार होईपर्यंत काय करायचं? कोपऱ्यात वहिनीच्या गाडीचं जुनं इंजिन पडलं होतं. त्यातला सुईच्या जागी बसवलेला सेन्सर काढून आधी त्याचा मीटरवरचा आकडा बघावा, म्हणजे ताडून पाहता येईल, असं त्याच्या मनात आलं. चहाच्या किटलीत पाणी उकळलं, सेन्सर बुडवला, मीटर लावला.

आकडा कॉम्प्युटरच्या सेन्सरचा आला. त्यानं पाणी पुन्हा उकळून बघितलं. तोच आकडा.

हा सेन्सर मागच्या सर्व्हिसिंगला त्यानंच बदलला होता. त्या दिवशी विचारायला कुणी नव्हतं, म्हणून अंदाजानं. गप्प राहिलं असतं तरी चाललं असतं. नव्या इंजिनातला सेन्सर गुपचूप बदलायचा, की कुणाला पत्ता नाही. स्वतःचीच लाज वाटली त्याला.

"वहिनी, मला हिरवा आणि तपकिरी ओळखता येत नाही. लहानपणापासून."

वहिनी त्याच्याकडे बघत राहिली. मग किटलीकडे, मग जुन्या इंजिनाकडे.

"म्हणजे तेव्हा सुई खरंच वर गेली नव्हती?"

"नव्हती. सेन्सर मी चुकीचा बसवला होता. ते इंजिन मी घालवलं."

ती ओरडली असती तर त्याला बरं वाटलं असतं. "महिनाभर तुमचे दादा मला विचारतायत, भाऊजी," ती हळू आवाजात म्हणाली, "डोळे फुटले होते का तुझे."

तिनं नंबर लावला आणि फोन त्याच्या हातात दिला. दादानं लगेच उचलला.

"काय गं, हेही घालवलंस?"

"मी बोलतोय दादा," मेस्त्री म्हणाला. "वहिनींचे डोळे चांगले आहेत."