मणी निवेपर्यंत

सकाळी नळावर कळशी उचलताना शेजारच्या मीराबाईचं मंगळसूत्र अडकलं आणि वाट्यांजवळचे दोन टपोरे मणी फरशीवर पडून फुटले. "तुटलं की," मी म्हणाले. ती माझ्यावर उखडली. "तुटलं काय म्हणतस गो? वाढलं म्हण. आज आपले घोव मोर्च्याला गेलेत."

फाउंटनला संयुक्त महाराष्ट्राचा मोर्चा होता. माझा गुणाजी आणि तिचा गणपत पहाटेच बरोबर निघाले होते.

मला असल्या गोष्टींचा राग येतो. शब्दानं कधी कुणाचं वाकडं झालंय? पण लालबागच्या आमच्या चाळीत काचेचे मणी करणारी मी एकटीच, त्यामुळे काम माझ्याच गळ्यात पडलं. गणपत परत यायच्या आत मंगळसूत्र घालायला हवं, एवढंच तिचं म्हणणं. तोवर तिनं हळदीचा दोरा बांधला.

पायानं भाता दाबून मी दिव्याची ज्योत टोकदार केली. काळी काचकांडी वितळली, तशी मातीचा लेप दिलेल्या तारेवर गुंडाळली. तार सतत फिरवायची, हात थांबला की मणी एका अंगाला लोंबतो. मग तो तारेसकट गरम राखेत पुरायचा आणि सावकाश निवू द्यायचा.

दुपारी खालून ओरडा आला. फाउंटनला गोळी चालली होती. माझा धीरच सुटला. मणी लवकर ओवून टाकावेत म्हणून मी ते वेळेआधीच राखेतून ओढले. चट् चट् आवाज झाला आणि दोन्हींना तडे गेले. मीराबाई दारात उभी होती. तिनं गळ्यातला हळदीचा दोरा मुठीत धरला.

पुन्हा भाता, पुन्हा काच. तार फिरवत राहिले. शब्दांना न मानणारी मी मनातल्या मनात "वाढलं, वाढलं" घोकत होते. मला फार भीती वाटत होती.

दिवेलागणीला गुणाजी आला. सदरा रक्तानं माखलेला. मी ओरडणार तोच त्यानं माझं मनगट धरलं.

"माझं नाय, गणपतचं," तो हळू म्हणाला. "माझ्या मांडीवरच गेला. मीराबाईला तू सांग."

भिंतीपलीकडून तिची हाक आली, "झाले काय गो मणी?"

मी राखेत बोटं घातली. मणी पार गार झाले होते. एकालाही तडा नव्हता.

"थांब जरा," मी म्हणाले, "अजून निवायचेत."